रुंजीची पापी अडली

एक होता निरोप. मुगाएवढा.
रुंजीचे बाबा दूर जहाजावर. त्यांनी निरोपाच्या पोटात एक पापी ठेवली. म्हणाले, "रुंजीला दे हं!"

निरोप निघाला. लुटुलुटु, लुटुलुटु.
रुंजीच्या टॅबचं दार बंद. धप्प!

"टॅबदादा, टॅबदादा, दार उघड.
दार उघडलं, तर रुंजीला पापी मिळेल."
"आधी वायफायताईनं हात द्यावा. मग मी."

हुश्श! लुटुलुटु, लुटुलुटु.

"वायफायताई, वायफायताई, हात दे.
हात दिला, तर दादा दार उघडेल.
दार उघडलं, तर रुंजीला पापी मिळेल."
"टॅबचं घड्याळ म्हणतं काल. मी म्हणते आज. आधी घड्याळानं आज म्हणावं. मग मी."

हुश्श! पाय दुखले. लुटु... लुटु...

"घड्याळकाका, घड्याळकाका, आज म्हणा.
आज म्हटलं, तर ताई हात देईल.
हात दिला, तर दादा दार उघडेल.
दार उघडलं, तर रुंजीला पापी मिळेल."
"अंगात वीज नाही रे. आधी चार्जरभाऊनं वीज द्यावी. मग मी."

हुश्श, हुश्श! लुटु... लुटु...

"चार्जरभाऊ, चार्जरभाऊ, वीज दे.
वीज दिली, तर काका आज म्हणतील.
आज म्हटलं, तर ताई हात देईल.
हात दिला, तर दादा दार उघडेल.
दार उघडलं, तर रुंजीला पापी मिळेल."
"बाहेर जाताना आईनं भिंतीवरचं बटण बंद केलं. आल्यावर लावायला विसरली. आधी रुंजीनं बटण दाबावं. मग मी."

हुश्श, हुश्श, हुश्श! लु...टु...

रुंजी कोपऱ्यात. गाल फुगलेले.

"रुंजी, रुंजी, बटण दाब.
बटण दाबलं, तर भाऊ वीज देईल.
वीज दिली, तर काका आज म्हणतील.
आज म्हटलं, तर ताई हात देईल.
हात दिला, तर दादा दार उघडेल.
दार उघडलं, तर रुंजीला पापी मिळेल."
"मी रुसलेय. आधी बाबाची पापी. मग मी!"

निरोपानं फतकल मारली. त्याला रडूच आलं.
"आधी तो, आधी ती! मी दमलो गं."
रुंजीनं वाकून पाहिलं.
"कुणासाठी दमलास?"
"तुझ्यासाठी."
रुंजी उठली.
"मग आधी मी! आई, मला उचल."
"अगं बाई, बटण बंदच राहिलं की!" आई म्हणाली.

बटण दाबलं, टक्!
भाऊनं वीज दिली, झुम्म!
काका म्हणाले, "आज!"
ताईनं हात दिला, टाळी!
दादानं दार उघडलं, टिंग!
आणि रुंजीच्या गालावर, पुच्च!

रुंजी हसली. तिनंही एक पापी दिली.
"ही बाबाला नेशील?"
निरोप तिच्या तळहातावर आडवा झाला.
"आधी झोप," तो म्हणाला. "मग मी."
घुर्र... घुर्र...