न विचारता जाणारी आवडी

खाडीला पूल म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. सांगताना मीठ थोडं जास्त पडलं, तर बोल खाडीला लावा.

कातळवाडीत आवडी नावाची बाई होती. वाडीतल्या सगळ्या बायकांसारखी तीही ओहोटीला खाडीत उतरायची, चिखलातून तिसऱ्यांचे शिंपले वेचायची आणि त्या विकून घर चालवायची. खाडीची वाट अनंतशेटच्या पोफळीच्या बागेतून जायची. दुसरी वाट डोंगराला वळसा घालून होती, पण त्या वाटेनं पोचेपर्यंत भरती लागायची आणि टोपली रिकामीच घरी यायची. बागेतली वाट कुणी पाडली, कुणाला माहीत नव्हतं. पायांनी पाडली, एवढंच.

एके वर्षी अनंतशेटनं बागेला चिऱ्यांचा गडगा घातला आणि वाटेवर फाटक बसवलं. बायका धास्तावल्या. पण शेटची जीभ साखरेची.

"वाट कुठं बंद केलीय गो? जाताना नुसती हाक मारायची, शेट, जाऊ का? मी नाही म्हणेन का कधी?"

बायका खूश झाल्या. हाक मारू लागल्या. वर ओंजळभर तिसऱ्याही शेटच्या ओटीवर ठेवू लागल्या.

आवडीला मात्र हे गोड बोलणं ओळखीचं वाटलं. तिच्या माहेरची पाणवठ्याची वाट अशीच गेली होती. तिथल्या मालकानंही आधी असंच गोड बोलून विचारायला लावलं आणि मग एक दिवस नाही म्हटलं. मुन्सफानं कोर्टात विचारलं, तेव्हा तिचा बाप छाती काढून म्हणाला, "विचारल्याशिवाय पाऊल टाकलं नाही, साहेब." मुन्सफ म्हणाला, "मग वाट तुमची नव्हे. उघडपणे, हक्कानं, वर्षानुवर्षं चाललेली वाट कुणाला अडवता येत नाही. परवानगी मागून चाललेली वाट देणाऱ्याची असते."

आवडीनं हे बायकांना सांगितलं.

"विचारलं तर तुझी जीभ झिजते का गो?" शेजारची द्वारकी म्हणाली. "माहेरी अक्कल नव्हती ती इथं वाटत फिरतेस?"

तेव्हा आवडी एकटीच न विचारता जाऊ लागली. तिचं काळीज लोखंडाचं होतं असं म्हणतात. कसलं लोखंड? फाटकाशी आली की आधी दोनदा मागं फिरायची. पण चोरून गेलं तर तो हक्क नव्हे, चोरी. म्हणून ती भर उन्हात करवंटीवर करवंटी बडवत जायची. त्या आवाजानं पिकल्या सुपाऱ्या टपटप गळायच्या, असं म्हणतात.

"आवडे, विचारलं नाहीस," शेट म्हणायचा.

"नाही विचारलं, शेट."

"बरं, दिली परवानगी. जा."

"ती ठेवा तुमच्याकडे. मी माझ्या वाटेनं चाललेय."

शेटनं वाटेत काटे टाकले; तिनं वेचून चुलीत घातले. कुत्रा सोडला, तो तिच्या मागून खाडीत जाऊन खेकडे धरू लागला. तिला उशीर झाला की भरतीचं पाणी बागेच्या कडेशी थबकायचं, असंही म्हणतात. रात्री मात्र तिला झोप नसायची. उद्या फाटकाला कुलूप दिसलं तर?

आणि एक दिवस कुलूप दिसलंच.

वाडी कोर्टात गेली. मुन्सफानं द्वारकीला विचारलं, "तुम्ही विचारून जात होतात?"

द्वारकी खोटं बोलणारी नव्हती. तिनं आवडीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "होय, साहेब. विचारून."

शेट मिशीत हसला. आवडीला बापाचा चेहरा आठवला. तिच्या कानांत खाडी घोंघावू लागली.

मुन्सफ शेटकडे वळला. "सगळ्याच विचारायच्या?"

शेटच्या मनात इतक्या वर्षांचा राग साचलेला. "सगळ्या सभ्य आहेत, साहेब. ही एक सोडून! हिनं एकदाही विचारलं असेल तर शपथ. परवानगी दिली तर ती परत करते. दिवसाढवळ्या, साऱ्या वाडीच्या देखत, करवंट्या बडवत जाते. हिची सासू जायची, सासूची सासू जायची, म्हणून हिलाही जायचंय म्हणे!"

मुन्सफानं टाक खाली ठेवला. "शेट, वाडीला जे सिद्ध करायचं होतं, ते तुम्हीच केलंत. पिढ्यान्‌पिढ्यांची वाट हिनं एकदाही मागितली नाही, म्हणून ती साऱ्या वाडीची राहिली."

संध्याकाळच्या आत कुलूप निघालं. वाट वाडीची ठरली. आवडी कोर्टाच्या पायरीवर मटकन बसली ती उठेचना; द्वारकीनं तिला पाठुंगळी घेऊन घरी आणलं, असं म्हणतात.

आजही कातळवाडीत कुणाच्या अंगणात शिरताना लोक आधी हाक मारतात. तेवढ्या एका वाटेवर नाही. नवी सून आली की तिच्या हातात करवंट्या देऊन तिला आवडीच्या नावानं बागेतून नेतात. शेटचे पणतू भले लोक आहेत. ओटीवरून ते प्रेमानं म्हणतात, "या, या, खुशाल जा."

आणि साऱ्या बायका एकदम बहिऱ्या होतात.