शेकोटीजवळची जागा

चहूबाजूंनी डोंगर असलेल्या एका राज्यात मेघध्वज नावाचा राजा राज्य करीत होता. डोंगरांमुळे तिथे थंडी लवकर येई आणि उशिरा जाई. लोकांना तिची सवय होती. दिवस मावळला की अंगणोअंगणी शेकोट्या पेटत आणि माणसं गोल करून बसत.

मार्गशीर्षातली एक संध्याकाळ. राजवाड्याच्या अंगणात चंदनाची शेकोटी पेटली होती आणि मधोमध, मखमली बैठकीवर, राजा ऐसपैस बसला होता. तेवढ्यात घोंगडी पांघरलेला एक म्हातारा आला. त्याच्या काठीवर दुभंगल्या शेपटीचा एक काळा कोतवाल पक्षी बसला होता. म्हातारा जादूगार होता, पण ते काही कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

"जरा सरका, महाराज," तो म्हणाला. "हात शेकतो."

"राजा सरकत नसतो," मेघध्वज म्हणाला.

"बरं. मग ऊब सरकेल."

आणि ऊब सरकली. जाळ तसाच नाचत राहिला, उजेड तसाच पडत राहिला, पण राजाने हात पुढे केला तर विहिरीच्या पाण्यात धरल्यासारखा गार लागला. राज्यातल्या साऱ्या चुलींचं तेच झालं. तव्यावर भाकरी कच्ची राहिली, दुधाला साय धरेना. लोक पीठ दुधात कालवून खाऊ लागले आणि निजायला गोठ्यात जाऊ लागले, कारण ऊब उरली होती ती फक्त जित्राबांच्या अंगात.

"हा गारठा तुमच्या पायांच्या बोटांपासून चढत जाईल," जाताना म्हातारा म्हणाला. "गळ्याच्या वर गेला, की राजा गेला आणि राज्यातला विस्तव कायमचा थंडावला. हा कोतवाल तुम्हाला एक घर दाखवील. त्या घरची बाई सांगेल ती तीन कामं करा."

"आणि मग?"

पण म्हातारा निघून गेला होता.

राजा पक्ष्यामागून चालत निघाला. अंगावर वाडवडिलांची जरीची शाल तेवढी होती. पक्षी डोंगराच्या पायथ्याशी गेला, एका शेणाने सारवलेल्या अंगणात उतरला आणि काळ्याभोर म्हशीच्या पाठीवर स्वतःच्या घरच्यासारखा बसला. ते घर कोंडीबा आणि भिवरा या नवराबायकोचं. दारी काजळी म्हैस गाभण, ढवळी गाय दुभती, चार शेळ्या, खुराडाभर कोंबड्या.

"हाच तो राजा," पक्षी म्हणाला. "याला तीन कामं सांग."

भिवराने राजाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तीनच? इथं तर सकाळपासून तेहतीस पडलीत."

"अगं, महाराज आहेत ते," कोंडीबा दबक्या आवाजात म्हणाला.

"दिसतंय की मला. म्हणून तर अजून झाडू दिला नाही हातात." मग ती राजाला म्हणाली, "शेण काढा, महाराज. पाटी तिथं आहे."

राजाने पाटी घेतली. गोठ्यातला वास नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं. पाय तर गुडघ्यापर्यंत लाकडासारखे झाले होते. ढवळीने नुकतंच शेण टाकलं होतं, त्यातून वाफा निघत होत्या. राजाचा पाय घसरला आणि नेमका त्यातच रुतला. तो काढून घेणार, तोच थांबला. पाय कोमट झाला होता. इकडे तिकडे पाहून त्याने दुसराही पाय हळूच आत ठेवला.

"राहा उभे थोडा वेळ," कोंडीबा कडब्याच्या पेंढ्या सोडत म्हणाला. "आम्हीबी तेच करतो. लाजण्यासारखं काय आहे त्यात?"

हे पहिलं काम झालं. गारठा काही दिवस गुडघ्याशीच थांबला, मग पुन्हा चढू लागला.

दुसरं काम धारेचं. राजा चरवी घेऊन बसला. त्याची बोटं सडाला लागताच ढवळीने लाथ झाडली आणि चरवी अंगणात गडगडत गेली. म्हशीच्या पाठीवर बसलेला कोतवाल हसला.

"हात बर्फ झालेत तुमचे," भिवरा म्हणाली. "आधी तिच्या जांघेत धरा."

"बाई, राजाने गाईच्या जांघेत हात घालावेत?"

"दूध नको असेल तर नका घालू."

राजाने हात घातले. तिथे इतकी ऊब होती की ते काढावेसे वाटेनात. ढवळी मान वळवून त्याला हुंगत राहिली, वासराने दोन ढुशा दिल्या, पान्हा सुटला. चरवी भरायला सकाळ गेली. भिवराने काही कौतुक केलं नाही. पण वाटीभर धारोष्ण दूध तिने आधी राजापुढे ठेवलं, मग नवऱ्यापुढे.

असे दिवस गेले. पौष लागला. रोज संध्याकाळी कोंडीबा अंगणात शेकोटी पेटवी, ऊब नसली तरी पेटवी. शेजारपाजारचे येत, गोणपाटावर टेकत, आणि नवा कुणी आला की बसलेले बोलता बोलता सरकत. राजाही त्यांच्यात बसे.

"ऊब नाही, तरी का पेटवता?" त्याने एकदा विचारलं.

"न पेटवून काय करू? बसायचं कुठं मग सगळ्यांनी?" कोंडीबा म्हणाला.

गारठा आता राजाच्या छातीपर्यंत आला होता. आणि एके दिवशी पहाटे भिवराने हाक मारली, "महाराज, उठा. काजळी अडलीय."

तिसरं काम ते. कोंडीबाने म्हशीचं तोंड धरलं, भिवराने पाय ओढले, आणि तांबडं फुटताना रेडी जमिनीवर आली. ओली, थरथरणारी. इतर वर्षी जवळ शेगडी ठेवली असती, गरम पाण्याने पुसून घेतली असती. यंदा विस्तवाचा उपयोग नव्हता. काजळी दमून पडली होती, तिला चाटायचंही त्राण नव्हतं.

"जाईल ही," भिवरा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच कापला.

राजाने शाल काढली. जरीची बाजू बाहेर, मऊ बाजू आत करून रेडीला गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि पेंढ्याने चोळत बसला. शाल गेली तसा गारठा त्याच्या खांद्यांवर आला, मानेशी आला. तो चोळत राहिला. उन्हं गोठ्यात आली तेव्हा रेडीने मान उचलली, पडत झडत उभी राहिली आणि आईच्या कासेला लागली. भिवराने पदराने डोळे पुसले.

"तीन कामं झाली," कोतवाल म्हणाला.

"मग ऊब?" राजाने विचारलं. शब्द घशातून जेमतेम निघाले.

"ते मला ठाऊक नाही. मला एवढंच सांगितलं होतं."

त्या संध्याकाळी राजा शेकोटीपाशी येऊन बसला. गारठ्याने गळा धरला होता, आवाज गेला होता. भिवराने स्वतःची गोधडी त्याच्या पाठीवर टाकली आणि त्याच्याकडे पाहायचं टाळलं. शेजारी आले, टेकले. वैरणीचं बोलणं निघालं, नव्या रेडीचं निघालं. राजा जाळाकडे पाहत रेडीचाच विचार करीत होता. पाय धड टेकत नव्हती ती मागचा.

अंधारातून आणखी कुणी एक आला, घोंगडी पांघरलेला. उभा राहिला. राजाने मान वर केली नाही. नुसता डावीकडे सरकला, अर्धं गोणपाट मोकळं केलं आणि गोधडीचं टोक पुढे केलं.

आलेला माणूस बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "जागा गरम आहे."

मग कोंडीबा एकदम मागे सरला. "अगं, भाजलं मला!"

शेकोटीतून ऊब येत होती. आधी चेहऱ्यांना लागली, मग गुडघ्यांना. राजाच्या गळ्यातला गारठा उतरला, खांद्यांतून उतरला, पायांच्या बोटांतून मातीत गेला. त्याने शेजारी पाहिलं. तोच म्हातारा हात शेकत बसला होता.

"सरकलात, महाराज," म्हातारा म्हणाला.

"कधी?" राजाने विचारलं.

म्हातारा हसला. कोतवाल उडून त्याच्या काठीवर बसला.

भिवरा केव्हाच घरात पळाली होती. काजळीचा चीक तिने तसाच झाकून ठेवला होता. गूळ घालून तो चुलीवर वाफेला लावला आणि थोड्याच वेळात खरवसाचा वास अंगणभर सुटला. पहिली वडी तिने म्हाताऱ्याला दिली, दुसरी राजाला.

सकाळी राजा निघाला तेव्हा ती म्हणाली, "शाल धुवून देते, महाराज."

"राहू दे रेडीला. थंडी अजून आहे."

वाटेवरच्या घराघरांतून धूर निघत होता, भाकऱ्या फुगत होत्या. राजवाड्यात पोचल्यावर राजाने मखमली बैठक काढून टाकली आणि लांबलचक गोणपाट अंथरलं. त्यावर राजा कुठे बसतो, हे नवख्या माणसाला विचारावं लागे.

त्यांच्या शेकोटीला ऊब परत आली, तशी ती तुमच्याआमच्या दारीही राहो.