टिटवीचं पिल्लू कोणावर गेलं?

झाडं कमी आणि खडेच जास्त, अशा एका माळावर, तळ्याच्या काठाला, एक टिटवा आणि एक टिटवी राहत असत. गोष्टीत जंगल नाही म्हणून नाक मुरडू नका हं! माळावरही घरं असतात, संसार असतात आणि भांडणं तर असतातच असतात.

टिटवा भारी बोलका. म्हैस दिसली की ओरड, ढग दिसला की ओरड. स्वतःचीच सावली पुढे आली तरी "कोण आहे? कोण आहे?" करून माळ डोक्यावर घ्यायचा. टिटवी त्याच्या अगदी उलट. जरा चाहूल लागली की मान खाली घालून चूप. शेजारून बैलगाडी गेली तरी गाडीवानाला तिचा पत्ता लागायचा नाही.

टिटव्या काही घरटं विणत बसत नाहीत. चार खडे बाजूला सारायचे आणि उघड्या जमिनीवर अंडी घालायची, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. अंड्यांचा रंग खड्यांसारखाच, म्हणून निभावतं. पण त्या वर्षी माळावर एक मुंगूस आलं आणि चारांतली तीन अंडी त्याने फस्त केली. उरलं एक. त्यातून पिल्लू निघालं, ठिपक्याठिपक्यांचं आणि काडीसारख्या पायांचं.

आता एकुलत्या पिल्लाचे लाड व्हावेत की नाही? छे! झालं भलतंच.

"तुमच्या तोंडामुळे माझी तीन अंडी गेली," टिटवी म्हणायची. "ओरडून ओरडून मुंगसाला पत्ता तुम्हीच दिलात."

"आणि तू गप्प बसून काय मिळवलंस?" टिटवा म्हणायचा. "एक हाक मारली असतीस, तर मी तळ्यावरून उडत आलो असतो."

हे भांडण मग पिल्लावर निघू लागलं. पिल्लू जरा मोठ्याने चिवचिवलं की आई म्हणायची, "गेलं! बापावर गेलं! आता याचं काही खरं नाही." आणि पिल्लू जरा गप्प बसलं की बाप म्हणायचा, "आईवर गेलं! बघा कसं मूग गिळून बसलंय!" बोललं तरी चुकलं, नाही बोललं तरी चुकलं. बिचाऱ्याने करावं तरी काय? शेवटी त्याने मनाशी ठरवलं, आपण दोघांवरही जायचं नाही.

पलीकडच्या झुडपात सशीणमावशी राहायची. पिल्लू तिच्याकडे गेलं आणि म्हणालं, "मावशी, मला तुझ्यासारखं पळायला शिकव. मला ओरडायचंही नाही आणि गप्पही बसायचं नाही."

सशीण हसली. "अरे बाळा, हे पाय मला माझ्या आईने दिले, तिला तिच्या आईने. शिकवणी लावून असे पाय येतात होय? तुला काय मिळालंय ते आधी बघ तरी."

पण पिल्लू कसलं ऐकतंय! हट्ट मात्र त्याला दोघांकडूनही भरपूर मिळाला होता, हे माझं स्पष्ट मत आहे. ते रोज सशासारख्या उड्या मारायला लागलं. दोन उड्या मारायचं आणि तिसरीला तोंडावर आपटायचं.

एके दिवशी दुपारी टिटवा माळाच्या पार दुसऱ्या टोकाला एका बकरीशी वाद घालत होता. टिटवी तळ्याच्या काठाशी, पिल्लाकडे पाठ करून, पोटाची पिसं पाण्यात भिजवत होती. उन्हाळ्यात टिटव्या असंच करतात. ओलं पोट घेऊन येतात आणि पिल्लाला गार ठेवतात. पिल्लाचा उड्यांचा सराव चालू होता. तेवढ्यात झुडपातून मुंगूस बाहेर आलं.

पिल्लाने उडी मारली. दुसरी मारली. तिसरीला पायात पाय अडकून ते पडलं. मुंगसाने मान वळवली. आता उठून पळायला वेळच नव्हता. आणि मग, कोणी न सांगता, पिल्लाची मान खाली गेली, पाय पोटाशी आले, श्वाससुद्धा बारीक झाला. मुंगसाने इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि पिल्लापासून वीतभर अंतरावरून ते पुढे निघून गेलं. त्याला दिसले ते नुसते खडे.

"सुटलो बाई एकदाचे!" असं तुम्हांला वाटलं ना? पिल्लालाही तसंच वाटलं. पण एक डोळा उघडून बघतं तर काय, मुंगूस दबकत दबकत तळ्याकडे चाललेलं. आईकडे! आईची पाठ इकडे, पिसं भिजून जड झालेली आणि कानावर फक्त पाण्याचा आवाज.

ओरडावं, तर मुंगूस मागे फिरणार. गप्प राहावं, तर आई जाणार. पण पिल्लाच्या एवढ्याशा गळ्यातून जो आवाज निघाला, त्याने तळ्यावरचे बगळेसुद्धा दचकले.

"आई! मागे बघ! मागे!"

टिटवी उडाली. मुंगसाच्या दातांत तिच्या शेपटीचं एक पीस तेवढं राहिलं. चिडलेलं मुंगूस गर्रकन वळलं, आवाज आला तिकडे धावलं आणि मधेच थांबलं. ओरडणारं कोणी दिसेचना! पिल्लू पुन्हा चूप बसलं होतं. तोवर ती हाक माळाच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती. टिटवा बकरीला अर्ध्या वाक्यात सोडून आला आणि मुंगसाच्या डोक्यावर तुटून पडला. टिटवीनेही वरून झडप घातली. दोघांनी टोचून टोचून त्याला असं पळवलं की त्याने त्या माळाचं नावच टाकलं.

मुंगूस गेलं, पण पिल्लू कुठे होतं? टिटवी खड्याखड्याशी थांबून हाका मारू लागली. जिचा आवाज शेजाऱ्यांनी कधी ऐकला नव्हता, ती मोठमोठ्याने रडत ओरडत होती, "बाळा! अरे कुठे आहेस रे?" आणि टिटव्याच्या तोंडून तर शब्दच फुटेना. तीन अंडी गेली, तेव्हाही तो असा मुका झाला नव्हता.

"मी इथेच आहे," त्यांच्या पायाजवळचा एक खडा म्हणाला. "आता उठू का?"

टिटवीने त्याला ओढून ओल्या पोटाखाली घेतलं. कितीतरी वेळ ती नुसतीच त्याला चोचीने कुरवाळत राहिली. मग म्हणाली, "अहो, ऐकलंत ना कसं ओरडलं ते? अगदी तुमचा आवाज. त्या आवाजामुळे मी आज जिवंत आहे."

"आणि बसलं होतं कसं!" टिटवा डोळे पुसत म्हणाला. "अगं, मला सापडलं नाही, मला! मग मुंगसाची काय कथा? हे सगळं तुझं हो." दोघंही हसायला लागली आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली.

पिल्लाने पोटाखालून डोकं बाहेर काढलं. "मग उद्यापासून मी कोणासारखं वागू? आईसारखं की बाबांसारखं?"

"कोणासारखंही वाग रे राजा," टिटवी म्हणाली. "फक्त रोज संध्याकाळी माझ्या पंखाखाली येत जा."

तात्पर्य : आईबापांचे गुण न मागता अंगात येतात, आणि त्यांतला कोणता कधी कामाला येईल ते वेळच सांगते. म्हणून मुलांनी त्यांची लाज धरू नये, आणि मोठ्यांनी "कोणावर गेलं?" म्हणून मुलाला टोचू नये.