अळणी उद्यापन

फार फार मागची गोष्ट आहे, मुलांनो. आयांनो, तुम्हीही ऐका. धुक्यात निजलेली एक नदी होती. अलीकडे राजाचं राज्य. राजा कोवळा, गादी डळमळती. पलीकडे रानात त्याच्यावर उठलेली नाईकाची टोळी. दोघांच्या वैरात नदी ओलांडायचा उतार बंद पडला होता.

काठावर सगुणा राहायची. तिची लेक पलीकडे दिलेली, पहिलटकरीण. आठवा महिना लागला तरी माहेरी येता येईना. पोर सुखरूप यावी म्हणून सगुणेनं सोळा सोमवार अळणी धरले.

उद्यापनाला दोन पाहुणे जेवू घालायचे, पण गाव ओस पडलेलं. महादेवाच्या गुरवाला कुठलीच चौकी अडवत नसे. त्याच्या हाती तिनं अक्षता धाडल्या, राजाला आणि नाईकालाही. व्रताच्या अक्षता तिथे कोणी परतवत नसे.

दोघं आले. तलवारी तुळशीपाशी ठेवल्या, एकमेकांकडे न बघता पानावर बसले. पहिल्याच घासाला राजा थबकला.

नाईक हसला. "खा की राजे. तुमच्या चौक्यांनी मीठ अडवलंय, रानात रोज असंच जेवतात."

"आणि मिठाच्या गाड्या जाळल्या कोणी? माझे शिपाईही अळणीच गिळतात."

सगुणेनं कपाळाला हात लावला. सोळा सोमवारांची सवय. हात मिठाकडे गेलाच नव्हता. तिनं बरणी खरवडली, चिमूटभर निघालं.

"लेकीच्या पेजेसाठी राखलेलं. घ्या बाबांनो, उपाशी उठू नका."

नाईकाचा आवाज उतरला. "पलीकडे एक पोटुशी पोर रोज उताराशी येऊन बसते. आम्ही परत पाठवतो. ती तुमची का, आई?"

"तिच्यासाठीच तर हे सगळं मांडलंय."

मग राजानं त्या चिमटीतलं अर्धं मीठ नाईकाच्या पानावर ठेवलं, अर्धं आपल्या, आणि दोघांनी घास घेतला. "आता दोघांनी या घरचं मीठ खाल्लं. या घरावर तलवार चालायची नाही."

"घर धरायचं कुठवर?" नाईकानं विचारलं.

"माझ्या लेकीच्या उंबऱ्यापर्यंत," सगुणा म्हणाली. "तेही माझंच घर."

दोघांनी नदीपलीकडे पाहिलं. धुकं हलकेच वर उचललं जात होतं.

दुसऱ्या दिवशी उतारावरून मिठाच्या गाड्या रानात गेल्या. परतीच्या पहिल्या गाडीत गवताच्या गादीवर बसून सगुणेची लेक माहेरी आली.

समोरच्याच्या पानातलं अळणी ज्याला कळतं, त्याचं वैर तिथेच सरतं.