तुळाजीची गोळी आणि इनामदारांची रायफल

उंबरखोंडच्या वाघजाईच्या देवळात शिरलात की डाव्या भिंतीवर एक जुनी रायफल दिसते. एका वेळी एकच काडतूस घेणारी, दस्त्यावर पितळी फुलं ठोकलेली. शहरातून येणारे तिच्याखाली छाती काढून फोटो घेतात. गेल्या महिन्यात तर एक जाणकार तिच्या नळीच्या तोंडाला व्हर्नियर लावून बसले होते. बोअर किती, साल कुठलं, कारखाना कुठला! त्यांना म्हटलं, साहेब, हिचं माप एका लोहारणीने पळीने काढलंय. तुमचं यंत्र ठेवा खिशात.

सांगतात ते असं. फार वर्षांपूर्वी या खिंडीत नरभक्षक वाघ आला. इनामदार जगदेवरावांनी एका गोऱ्या साहेबाकडून ही रायफल मिळवली आणि रोज माडीवर उभं राहून वाघाला शिव्या घातल्या. खाली काही उतरले नाहीत. बाहेर पडला तो तुळाजी लोहार. हातात स्वतः घडवलेली ठासणीची बंदूक, आणि तिच्यात घरच्या साच्यात ओतलेली एक गोळी. दुसऱ्या सकाळी खिंडीत वाघ मरून पडलेला सापडला, आणि दहा पावलांवर तुळाजीही.

वाघ मेल्याची पक्की खात्री झाल्यावर इनामदारांना शौर्य चढलं. वाघावर पाय ठेवून ते म्हणाले, हा मी मारला. लोहाराने बार हवेत उडवला आणि पळत सुटला, म्हणून फाडला गेला. गावाने माना डोलावल्या. गाव कसलं, मेंढरं नुसती!

लढून मेलेल्याच्या नावाचा दगड देवीपुढे उभा करायचा, पळपुट्याला दगड नाही, असा इथला दंडक. तुळाजीची बायको भिवरा आणि तिच्या दोन लेकी यांना आता जन्मभर पळपुट्याच्या घरच्या म्हणून जगावं लागणार होतं.

पण इनामदारांना तेवढ्यावर गप्प बसवेना. वाघ सोलताना खांद्यात चेपलेली गोळी मिळाली, ती त्यांनी चांदीच्या ताटात घालून वाजतगाजत देवीला वाहिली. अक्कल नसलेल्या माणसाला मिरवायची हौस फार. दुसऱ्याच दिवशी भिवरा शेगडी, पळी आणि नवऱ्याचा साचा घेऊन देवळात आली. सगळा गाव जमला, इनामदारही रायफल मिरवत आले.

"सरकार, ही गोळी तुमचीच न्हवं?"

"माझीच. देवीसमोर सांगतो."

"मग तुमच्या काडतुसातली आणिक एक द्या. दोन्ही वितळवून बघते."

इनामदार हसले म्हणे. "वितळव की. शिसं ते शिसं," म्हणत त्यांनी काडतूस तिच्यापुढे फेकलं. गोळी चेपली तरी तिच्यातलं शिसं तेवढंच राहतं, हे लोहाराच्या घरात पोरींनाही ठाऊक असतं. इनामदारांना ते कोण सांगणार?

भिवराने आधी वाघाच्या अंगातली गोळी वितळवून साच्यात ओतली. साचा तोंडापर्यंत भरला आणि पळी रिकामी झाली. मग काडतुसातली गोळी वितळवली. साचा भरला, तरी पळीत जवळजवळ तेवढंच शिसं उरलं.

"आमचं मालक पळालं न्हाईत," भिवरा म्हणाली. "वाघ त्येंनीच मारला."

इनामदार घाम पुसत म्हणाले, साहेबाने दोन तऱ्हेची काडतुसं दिली असतील. तेव्हा म्हाताऱ्या गुरवाने त्यांच्या हातातली रायफल घेतली, उघडली आणि नळीला डोळा लावला. उजेड दिसेना. आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं, तेही वाळून खडखडीत झालेलं. त्या नळीतून गोळी काय, वारासुद्धा गेला नव्हता. लोक इतके हसले म्हणे की जगदेवराव रायफल तिथेच टाकून निघून गेले. न्यायला कधी आले नाहीत. तुळाजीचा दगड त्याच आठवड्यात उभा राहिला.

आजही दसऱ्याला त्या दगडावर पहिलं सोनं वाहायचं ते इनामदारांच्या घरच्या कर्त्या पुरुषाने, अनवाणी, आणि सर्वांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "वाघ तुळाजीने मारला." गेल्या दसऱ्याला जगदेवरावांचे पणतू गाडीतून आले, आपट्याची पानं टाकली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. लोहारांच्या घरची म्हातारी समोरच उभी होती.

"ऐकू आलं न्हाई," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा म्हटलं.

"न्हाई आलं."

तिसऱ्यांदा म्हटलं ते पार खिंडीपर्यंत ऐकू गेलं.