अस्वलाची मुळी

फार पूर्वी उत्तरेच्या बर्फाळ रानात एका अस्वलाने तापावरची मुळी शोधली. तिथली कितीतरी पिल्लं वाचली. पश्चिमेच्या रानात रोज सकाळी बातम्या सांगणारी साळुंकी म्हणाली, "अस्वल म्हणे मुळी देऊन ताप उतरवतं! खरंखोटं त्याचं त्यालाच ठाऊक."

सगळे हसले. तिथल्या एका सशिणीचं पिल्लू तेव्हा तापाने फणफणत होतं. मुळी तिच्या बिळापाशीच उगवली होती, पण बातमी ऐकून तिने ती दिली नाही. पिल्लू गेलं.

महिन्याने साळुंकी ओरडली, "आपल्या कोल्होबांचा थोर शोध! तापावर मुळी!"

सशीण धावत आली. "साळूताई, ही अस्वलाचीच ना गं?"

"तीच की."

"मग तेव्हा नीट का नाही सांगितलंस?"

साळुंकीने शांतपणे पंख साफ केले. "तेव्हा ती अस्वलाची होती, बाई."