खोगिराला हात न लावता

"खोगीर! सगळा दोष या खोगिराचा!"

खैरापूरचे रायाजीराव महाराज पागेसमोर उतरले ते ओरडतच. डोंगराला वळसा घालून येणारी दिवसभराची घोडदौड यंदाही त्यांचे मेहुणे सर्जेराव यांनीच जिंकली होती. आणि जिंकली म्हणजे कशी? मेहुण्यांची अंघोळ झाली, जेवण झालं, वामकुक्षीही झाली, तेव्हा कुठे महाराज वेशीत दिसले! वरून सज्जातून आवाज आला, "दाजी, वाट पाहून पाहून तुमच्या वाटणीच्या पुरणपोळ्याही संपवल्या हो!" शेजारी राणीसाहेबांनी तोंडाला पदर लावला. तो पदर महाराजांना फार लागला.

आता महाराजांचा दोष म्हणता येत नाही. पाखऱ्या घोडा तर त्यांनी स्वतः पारखून घेतलेला. उरलं कोण? खोगीर शिवणारा म्हातारा गोंदाजी जिनगर! त्याला बोलावणं गेलं. सोबत लेक ठकू आली. बापाला कमी ऐकू यायचं, लेकीला जरा जास्तच.

"गोंदाजी, महिन्याभरानं पुन्हा दौड ठेवलीय. खोगिराचा दोष काढ! जिंकलो नाही, तर बिऱ्हाड उचलून संस्थानाबाहेर हो!"

"काढतो सरकार. जरा उसवून आतली भरती बघतो..."

"खबरदार! आमच्या वडिलांचं, आबासाहेबांचं खोगीर आहे ते. सुई लावायची नाही, हातसुद्धा लावायचा नाही!"

म्हणजे पोतं न उघडता आतलं धान्य निवडायचं! गोंदाजीचा चेहरा उतरला. या वयात बिऱ्हाड घेऊन जायचं कुठे? ठकू मात्र पुढे झाली.

"सरकार, दौडीत खोळंबा कुठे कुठे झाला?"

"खोळंबा कसला? नदीत दिवाणजींचं पागोटं वाहून गेलं, ते शोधलं. घाटात शाहिरानं आमच्यावर नवा पोवाडा म्हटला, तो अर्धवट कसा सोडणार? वर पानदानवाल्याचा चुना सांडला. मग मी ओढ्यात जरासा... उतरलो."

"पडलात?"

"उतरलो! लगेच राजवैद्यांनी नाडी पाहिली, छत्रीवाल्यानं छत्री धरली आणि दिवाणजींनी ओढ्याची चौकशी लावली."

"ओढ्यानं काय जबाब दिला?"

"पोरी!"

"समजलं, सरकार. खोगिराला बोटही लावणार नाही. फक्त दौडीच्या सकाळी खोगीरभरती काढायची मुभा द्या."

"हात न लावता भरती काढणार? दिली मुभा!" महाराज म्हणाले. दिवाण त्र्यंबकपंत तर खो खो हसले. "काढू द्या, सरकार! आम्हालाही बघायचंय!"

दौडीची सकाळ उजाडली. पाखऱ्यावर महाराज आणि मागे नेहमीची वरात. ठकू त्या वरातीला आडवी झाली.

"दिवाणजी, उतरा!"

"मी? का म्हणून?"

"सरकारांनी मुभा दिलीय. शाहीरबुवा, तुम्हीही. वैद्यबुवा, सावकाश हं, गुडघे सांभाळा. छत्रीवाले, पानदानवाले, या खाली!"

"ए पोरी! हे काय चाललंय?" महाराज गरजले.

"खोगीरभरती काढतेय, सरकार!"

महाराजांच्या मिशा थरथरल्या. रागानं की हसू दाबताना, ते त्यांचं त्यांनाच कळेना. तेवढ्यात सर्जेरावांनी घोडा पुढे काढला. "दाजी, पुरणपोळ्या संपवू ना नेहमीसारख्या?" झालं! महाराजांनी पाखऱ्याला टाच मारली.

दुपार कलली. सर्जेराव घामाघूम होऊन वेशीत शिरले, तर सज्जात महाराज बसलेले! अंगभर चिखल, हातात ताट.

"या सर्जेराव! तुमच्या वाटणीची ठेवलीय. अर्धी!"

"दाजी, हा चिखल?"

"ओढ्यात पडलो! नाडी बघायला कोणी नव्हतं, म्हणून उठलो आणि निघालो!"

दिवाणजी सकाळपासून धुमसत होते. ते हात जोडून पुढे आले. "सरकार, जिंकलात, आनंद आहे. पण या पोरीनं भर चौकात आम्हाला खोगीरभरती म्हटलं! तिला सजा झालीच पाहिजे!"

महाराजांनी ताट खाली ठेवलं. गोंदाजीला ऐकू आलं नव्हतं, पण महाराजांच्या भुवया दिसल्या. त्यानं लेकीचा हात धरला.

"बोल ठकू. माझी माणसं टाकाऊ आहेत काय?"

"छे छे, सरकार! जिनगराची लेक भरतीला टाकाऊ कशी म्हणेल? भरतीशिवाय खोगीर कसलं! पण भरतीची जागा बुडाखाली. तुम्ही ती डोक्यावर घेऊन दौडत होता!"

महाराज असे हसले की त्यांना ठसका लागला आणि राजवैद्यांना अखेर नाडी बघायला मिळाली. राणीसाहेबांचा तर तोंडावरचा पदरच सुटला. महाराजांनी पाखऱ्याचं शिंगरू ठकूला दिलं, गोंदाजीला पागेशेजारी घर दिलं आणि हुकूम काढला: यापुढे दौडीत महाराजांसोबत कोणी जायचं, ते ठकू ठरवील.

त्याच संध्याकाळी दिवाणजींनी तिला पहिल्यांदा हाक मारली, "अहो ठकूताई!"